ताण, आहार आणि आतड्याचा दाह: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आयबीडीवरच्या (क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या दीर्घकाळच्या दाहाचे आजार) माझ्या लेखात मी औषधांबरोबर आहार, झोप, मनावरचा ताण आणि समुपदेशन यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. एक, ताणाचं नाव काढलं की आजार आपल्याच स्वभावातून आला असं रुग्णाला वाटू लागतं. दोन, असलंच काही वाचून तुमच्या भावाने क्रोन्सची औषधं सोडली आणि शेवटी लहान आतड्याचा शेवटचा भाग कापून काढावा लागला. तीन, दाह आटोक्यात आला की बाकी सगळं आपोआप मार्गी लागतं, त्यासाठी 'सगळ्या माणसाचा' विचार वगैरे लागत नाही.

पहिल्या दोन मुद्द्यांवर मी तुमच्याच बाजूने बोलणार आहे. तिसरा मला मान्य नाही.

ताणाचं म्हणाल तर वैद्यकाचा इतिहास तुमच्या रागाला दुजोराच देतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रांझ अलेक्झांडर या मनोविश्लेषकाच्या सात 'मनोकायिक' आजारांच्या यादीत अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. रुग्ण परावलंबी, आतल्या आत कुढणारा, आणि त्याची आई वर्चस्व गाजवणारी, असं गंभीरपणे लिहिलं जायचं. (आईला कुठून ना कुठून ओढून आणायचंच.) पुढे 1955 मध्ये ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी कोलायटिसवरच्या कॉर्टिझोन या स्टेरॉइडच्या चाचणीचा अंतिम अहवाल छापला. औषध मिळालेल्यांची प्रकृती न मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारली होती, आणि त्यासाठी कोणाच्या बालपणात डोकवावं लागलं नव्हतं. 2001 मध्ये क्रोन्सशी संबंध असलेलं एनओडी2 हे जनुक सापडलं. ताणाने आयबीडी होतो असं म्हणायला आधार नाही. ज्यांना तो आधीच आहे त्यांचा त्रास ताणाच्या काळात वाढताना दिसतो, एवढंच. त्यातही आधी काय आणि नंतर काय हे सांगणं अवघड, कारण आजार उसळू लागला की माणूस धास्तावतोच.

औषध सोडण्याबद्दल तर तुम्ही लिहिलंय त्याहून कडक शब्दांत लिहायला हवं. क्रोन्सचा दाह आतड्याच्या भिंतीच्या आरपार जातो. तो कुरबुर न करता चालू राहू शकतो आणि दरम्यान व्रण भरताना आतडं अरुंद होत जातं, कधी भगंदर होतं. कोलायटिस आतल्या अस्तरापुरता असतो, पण वर्षानुवर्षांच्या दाहाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण 8 वर्षांनी तपासणीच्या कोलोनोस्कोपी सुरू करतात. गोळ्या सुटतात त्या बहुतेकदा बरं वाटत असतानाच. इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन मध्येच थांबवून पुन्हा घेतलं, तर शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असू शकतात आणि मग ते पहिल्यासारखं लागू पडत नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचा दाखला हमखास दिला जातो. सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या ज्या चाचण्यांमध्ये त्याचा उपयोग दिसला, त्यांत ते मेसालामाइन या कोलायटिसवरच्या नेहमीच्या औषधाच्या जोडीला दिलेलं होतं. मेसालामाइन कोणी बंद केलं नव्हतं.

आता तिसरा मुद्दा. तुम्हीच पुढे लिहिलंय की भावाचे रिपोर्ट आता स्वच्छ आहेत, तरी दिवसातून अनेकदा जावं लागतं, थकवा हटत नाही, आणि बाहेर पडायचं म्हटलं की आधी संडास कुठे आहे ते शोधतो. मग दाह गेल्यावर सगळं मार्गी लागलं कुठे?

हे दुर्मीळ नाही. दाह शमलेल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना आयबीएससारखा (दाह नसतानाही पोटदुखी, जुलाब असा) त्रास होतच राहतो. अशा वेळी दोन चुका होतात: दाह वाढलाय असं धरून औषधाचा जोर वाढवला जातो, किंवा 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून माणसाला घरी पाठवलं जातं. भावाचा जो भाग काढला, तिथेच पित्ताम्लं (पचनासाठी पित्तातून येणारी आम्लं) आणि ब12 जीवनसत्त्व शोषलं जातं. तो भाग नसला की पित्ताम्लं मोठ्या आतड्यात उतरतात आणि दाह नसतानाही जुलाब होतात. त्यावर वेगळं औषध असतं. थकव्यामागे ब12 किंवा लोहाची कमतरता असू शकते. आणि या सगळ्यातून सुटल्यावरही दीर्घ दाहाने हळवी झालेली आतड्यातली चेतासंस्था उरते. तिथे समुपदेशनाचा किंवा आतड्यावर केंद्रित संमोहनाचा उपयोग होऊ शकतो. समुपदेशनाने व्रण भरत नाहीत, तसा दावाही मी केला नव्हता. पण माणूस पुन्हा घराबाहेर पडू लागला तर ते थोडं नाही.

आहाराचं गणित जरा गुंतागुंतीचं, कारण तो कधीकधी खुद्द दाहावरच चालतो. क्रोन्स असलेल्या मुलांना 6 ते 8 आठवडे फक्त तयार द्रव पोषण दिलं तर स्टेरॉइडइतकाच आराम पडू शकतो, तोही स्टेरॉइडशिवाय. कोलायटिसमध्ये तो उपाय चालत नाही. आतडं अरुंद झालेल्याला चोथ्याचे पदार्थ अडकू शकतात. तसं नसलेल्याने ते सरसकट सोडायचं कारण नाही. एकेक पदार्थ वगळत दोनचार जिनसांवर येऊन ठेपलेला रुग्ण दाहाने नाही तर कुपोषणाने खंगतो. म्हणून आहारतज्ज्ञ हवा, व्हिडिओ नव्हे.

भाऊ सिगारेट ओढतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ओढत असेल तर क्रोन्समध्ये ती सोडणं हाच औषधाखालोखाल सर्वांत मोठा उपाय आहे. शस्त्रक्रियेनंतर आजार परतण्याचा धोका तिने वाढतो. अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. पुढच्या भेटीत ब12, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) आणि पित्ताम्लांमुळे होणारे जुलाब या तिन्हींबद्दल नाव घेऊन विचारा. आतड्यात दाह आहे का हे दाखवणारी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी अलीकडे झाली नसेल तर तीही सुचवा, आणि तोवर चालू औषधातली एकही गोळी वगळू देऊ नका.