लाल फ्यूजच्या जागी हिरवा टाकू नका

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला पाच-सहा जणांनी पाठवला. 'कॅम्पर व्हॅनवाल्यांसाठी बॅटरी वायरिंगच्या रामबाण टिपा.' पाठवणाऱ्यांपैकी एक जण पुढच्या आठवड्यात दोन लहान मुलांना घेऊन वरंधा घाटाने कोकणात उतरणार आहे आणि झोपायचं गाडीतच. त्याने या टिपा वाचून फ्यूज बदललेसुद्धा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेसेज थोडक्यात असा: फ्यूज वारंवार जात असेल तर वरच्या नंबरचा टाका, दहा अँपिअरच्या जागी तीसचा चालतो. १२ व्होल्टला करंट लागत नाही, म्हणून आगीचा धोका नाही. फ्यूज बॉक्स असेल तर बॅटरीपाशी वेगळा फ्यूज नको. मीटरवर १२ व्होल्ट दिसले की बॅटरी ठीक. तरी फ्रिज बंद पडला तर फ्रिज बिघडला. निगेटिव्ह बॉडीला कुठेही जोडा. फ्यूजची कटकट नको असेल तर घरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) लावा. आणि शेवटी, टर्मिनल साफ ठेवा.

पहिल्या टिपेपासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घात तीच करते. फ्यूज पंपासाठी किंवा दिव्यासाठी नसतो, तो वायरसाठी असतो. वायर किती करंट न तापता वाहू शकते, त्याच्या आत फ्यूजचा आकडा ठेवायचा. दीड स्क्वेअरच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या) वायरमधून १० अँपिअर गेले तर मीटरभर वायरमागे एक वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. तेच ३० अँपिअर गेले तर करंट तिप्पट, पण उष्णता नऊपट, म्हणजे मीटरमागे १० वॉट. आपल्या गाड्यांत ही वायर प्लायवूड आणि थर्माकोलच्या मध्ये दाबलेली असते, वारा लागत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली साधी पीव्हीसी वायर ७० अंश तापमानापर्यंतचीच असते.

"पण शॉर्ट झालं तर तीसचाही उडेलच की," असं मला एकाने विचारलं. पूर्ण शॉर्ट झालं तर उडेल, बरोबर आहे. भीती अर्धवट शॉर्टची आहे. गंजलेल्या पत्र्याला वायर घासून थोडीशी टेकते, किंवा पंपात कचरा अडकून मोटर जाम होते, आणि २०-२५ अँपिअर वाहत राहतात. लाल म्हणजे दहाचा फ्यूज तिथे काही सेकंदांत जातो. हिरवा, म्हणजे तीसचा, ढिम्म हलत नाही. गाडीतल्या या चपट्या पात्यांच्या (ब्लेड) फ्यूजचं मानकच असं आहे की आकड्याच्या १० टक्के वर करंट गेला तरी त्याने किमान १०० तास टिकावं. म्हणजे तीसचा फ्यूज ३३ अँपिअर चार दिवस सोडू शकतो.

हे मी अनुभवातून सांगतोय. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ताम्हिणीत आमच्या गाडीच्या पाण्याच्या पंपाचा फ्यूज सारखा जायला लागला. परत आल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी दहाचा काढून तीसचा टाकला आणि "आता जाणार नाही" असं सांगितलं. खरंच गेला नाही. दोन आठवड्यांनी पानशेतच्या काठावर संध्याकाळी बायको म्हणाली, प्लॅस्टिक जळल्याचा वास येतोय. मी आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडलं, मग ओट्यामागची फळी उघडली. हातभर वायरचं आवरण मऊ होऊन थर्माकोलमध्ये रुतलं होतं आणि भोवतीचा थर्माकोल विरघळून पन्हळीसारखा खळगा पडला होता. त्या फळीच्या दुसऱ्या बाजूला मुलीची गादी होती.

दोष शोधला तो २१ वॉटच्या इंडिकेटर बल्बने. ही युक्ती प्रत्येकाने शिकावी, त्यात खर्च जवळजवळ काहीच नाही. बल्बला दोन वायरी जोडायच्या आणि गेलेला फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांत त्या बसवायच्या. पंपाचं टोक आधी सोडून ठेवायचं, नाहीतर पंपातूनच बल्ब पेटेल आणि फसगत होईल. आता वायर कुठेही बॉडीला टेकली तरी बल्बमुळे पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, काही तापत नाही, आणि बल्ब पेटला की कळतं, शॉर्ट अजून आहे. मग वायरचा जुडगा वीत-वीत करून हलवत जायचं. आमच्या गाडीत मागच्या चाकाच्या वरच्या भागाला हात लावला आणि बल्ब लुकलुकला. तिथे पत्र्याच्या भोकातून वायर नेली होती आणि भोकात ग्रोमेट, म्हणजे धारेपासून वायर वाचवणारं रबरी कडं, नव्हतं. पत्र्याच्या धारेने आवरण कापलं होतं. लाल फ्यूज तीन वेळा जाऊन हेच सांगत होता.

१२ व्होल्टला करंट लागत नाही हे कोरड्या हाताला खरं आहे. पण आगीचा आणि झटक्याचा संबंध नाही. वेल्डिंगच्या ठिणगीवर २०-३० व्होल्टच असतात आणि त्यात लोखंड वितळतं, कारण करंट भरपूर असतो. १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) चांगल्या बॅटरीचा आतला रोध काही मिलिओहमच असतो, त्यामुळे पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला तर हजारांत अँपिअर वाहतात. बॅटरीवर काम करताना अंगठी आणि कडं काढून ठेवा. अंगठी मध्ये आली तर ती लालबुंद होते आणि बोटातून निघत नाही.

यातूनच तिसऱ्या टिपेचं, म्हणजे बॅटरीपाशी वेगळा फ्यूज नको याचं, उत्तर मिळतं. फ्यूज बॉक्समधले फ्यूज बॉक्सच्या पुढच्या वायरी सांभाळतात. बॅटरीपासून बॉक्सपर्यंतची जाड वायर कोण सांभाळणार? बहुतेक गाड्यांत ती सीटच्या लोखंडी फ्रेमखालून जाते. ती कापली गेली तर मध्ये अडवायला काहीच नसतं. म्हणून मुख्य फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा. इंजिनची बॅटरी आणि घराची बॅटरी (गाडीतले दिवे, पंप, फ्रिज चालवणारी) जोडणारी वायर असेल तर तिला दोन्ही टोकांना फ्यूज हवेत, कारण तिच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. एकाच टोकाला फ्यूज लावलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्यात. तो उडाला तरी दुसरी बॅटरी शॉर्टला करंट पुरवतच राहते.

लिथियमवाल्यांनी आणखी एक बघावं. साधा पात्याचा फ्यूज साधारण १,००० अँपिअरपर्यंतचा शॉर्ट तोडण्यासाठी असतो. लिथियम बॅटरी त्याहून कितीतरी जास्त देऊ शकते, मग फ्यूजच्या आत ठिणगी चालूच राहते. तिथे मुख्य फ्यूज क्लास टी घ्यावा. त्याची तोडण्याची क्षमता २०,००० अँपिअरची असते. महाग आहे, पण इथे काटकसर करू नये.

आता मीटरवरचे १२ व्होल्ट. लेड अॅसिड बॅटरी काही तास निवांत ठेवल्यावर १२.६ ते १२.७ दाखवते तेव्हा ती भरलेली असते. १२.० म्हणजे जेमतेम पाव उरली. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तर निम्मी असतानाही १३ च्या वर दाखवते, ती १२.० वर आली म्हणजे संपत आली. तेव्हा '१२ आहे म्हणजे ठीक' हे दोन्हींच्या बाबतीत चूक.

फ्रिज बंद पडण्याचं तर मला फार वाईट वाटतं, कारण लोक चांगले कॉम्प्रेसर बदलून टाकतात. फ्रिज पाच अँपिअर घेतो, एक स्क्वेअरची वायर टाकली आणि बॅटरी पाच मीटरवर असली, तर जाऊन-येऊन दहा मीटर वायरमध्ये जवळपास ०.८५ व्होल्ट गळतात. बॅटरीवर १२.२ असले तरी फ्रिजपाशी ११.३५ पोचतात. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट वाढतो, व्होल्टेज आणखी घसरतं आणि फ्रिज स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. त्या जागी चार स्क्वेअर टाकली तर गळती ०.२ वर येते.

मोजायचं ते फ्रिज चालू असताना. मल्टिमीटरची लाल काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी फ्रिजच्या पॉझिटिव्हवर धरा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत गळतायत. मग निगेटिव्ह बाजूला तसंच. आकडा जास्त आला तर एकेक सांधा तपासत जा. आमच्या गाडीत एकट्या फ्यूज होल्डरवर ०.६ निघाले. फ्यूज शाबूत, पण होल्डरची पाती हिरवट पडून सैल झालेली आणि प्लॅस्टिक हाताला चटका देण्याइतकं गरम. होल्डर बदलला आणि फ्रिज रात्रभर चालला.

निगेटिव्ह कुठेही जोडण्याबद्दल: रंगावर कसलेला बोल्ट, सीटचा गंजका स्क्रू, फायबरचा भाग, यांतून परतीचा रस्ता नीट मिळत नाही. पंप सुरू झाला की दिवे मंद होत असतील तर आधी हेच बघा. सगळे निगेटिव्ह एका बसबारवर (अनेक वायरी जोडायच्या धातूच्या पट्टीवर) आणा आणि तिथून बॅटरीला पॉझिटिव्हइतकीच जाड वायर न्या.

एमसीबीची गोष्ट अशी. घरचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तेव्हा संपर्क उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझायला मदत होते. बॅटरीचा करंट शून्यावर येतच नाही. काही एमसीबींच्या माहितीपत्रकात डीसीचं, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचं, रेटिंग दिलेलं असतं, तर ते वाचून लावावेत. नसेल तर घरचा एमसीबी घरीच ठेवा.

टर्मिनल साफ ठेवायची शेवटची टीप मात्र योग्य आहे, फक्त ती अर्धी आहे. साफ करताना निगेटिव्ह आधी सोडा आणि जोडताना शेवटी जोडा. निगेटिव्ह सुटलेलं असलं की पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला लागला तरी काही होत नाही. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पांढरी-हिरवी बुरशी धुवा, कोरडं पुसा, घट्ट आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली.

ज्यांनी हा मेसेज वाचून फ्यूज बदललाय त्यांनी गाडी हलवण्याआधी बॉक्स उघडावा. हिरव्या फ्यूजच्या मागची वायर दीड किंवा अडीच स्क्वेअरची असेल तर तो आजच काढा, जुना लाल परत लावा. तो पुन्हा उडाला तर बल्ब घेऊन बसा, किंवा मला फोन करा. रविवारी मी मोकळा असतो.