कुकरमधलं वरण विष नाही: एका फॉरवर्डला उत्तर

‘कुकरमध्ये शिजवलेली डाळ म्हणजे हळूहळू भिनणारं विष’ हा मेसेज कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थोडे शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो. त्यातलं म्हणणं असं: डाळीवर येणारा फेस म्हणजे युरिक ॲसिड, कुकर बंद असल्याने ते डाळीतच मुरतं आणि सांधे धरतात. कुकरमध्ये ८७ टक्के पोषण नष्ट होतं, मडक्यात मात्र सगळं टिकतं. ज्या अन्नाला शिजताना हवा आणि सूर्यप्रकाश लागत नाही ते खाऊ नये. ॲल्युमिनियम अन्नात उतरतं. आणि शेवटी, पूर्वीचे लोक कुकरशिवाय ठणठणीत होते.

याला सविस्तर उत्तर द्यायचं कारण माझी आत्या. हा मेसेज वाचून तिने रात्रीचं वरण बंद केलं आणि गुडघ्यांच्या भीतीने नुसता दहीभात खायला लागली. सत्तरी ओलांडलेल्या, मांसाहार न करणाऱ्या बाईच्या ताटातून वरण गेलं, तर तिच्या जेवणातली प्रथिनं किती उरतात? मेसेज पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल, पण नुकसान खरं आहे.

आधी फेसाचं बघू. डाळ उकळताना तिच्यातली काही प्रथिनं, थोडा स्टार्च आणि सॅपोनिन नावाचे पदार्थ पाण्यात उतरतात, त्यांचाच हा फेस. रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच. युरिक ॲसिड ही वेगळी गोष्ट आहे. ते आपल्या शरीरात, प्युरीन नावाच्या घटकांचं विघटन होताना तयार होतं. त्यातलं साधारण दोन तृतीयांश शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या झिजेतून येतं, उरलेलं खाण्यातून. डाळीत प्युरीन असतं, हे खरं. पण ते पाण्यात विरघळतं, फेसात गोळा होऊन बसत नाही. म्हणजे चमच्याने फेस काढून टाकला तरी त्याने काही साधत नाही.

मग डाळीतल्या या प्युरीनने सांधे धरतात का? अमेरिकेत ४७,१५० पुरुषांच्या आहाराची आणि आजारांची १२ वर्षं नोंद ठेवून केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त मांस आणि मासे-कोळंबीसारखं समुद्री अन्न खाणाऱ्यांमध्ये गाउटचं, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचं प्रमाण जास्त आढळलं. वाटाणे, कडधान्यं, पालक अशा प्युरीन असलेल्या शाकाहारी पदार्थांमुळे मात्र धोका वाढलेला दिसला नाही. बिअर आणि साखरेची थंड पेयं यांचा गाउटशी संबंध नंतरच्या अभ्यासांत दिसला आहे. ज्यांना आधीच गाउट किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी डाळ किती खायची ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. पण तो सल्ला त्या आजाराचा झाला, अख्ख्या घराचा नाही. शिवाय गुडघेदुखीची बरीचशी प्रकरणं वयोमानाने होणाऱ्या झिजेची असतात, तिथे युरिक ॲसिडचा संबंधही नसतो.

आणि जरा आपल्याच स्वयंपाकघरात डोकावून बघा. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वरचं पाणी आपण निथळून घेतो, तोच कट. मेसेजचं तर्कट खरं मानायचं, तर डाळीतून जे उतरतं ते सगळं त्या पाण्यातच असायला हवं. त्याच कटाची आमटी करून आपण पिढ्यानपिढ्या होळीला वाट्या भरभरून भुरकतो आहोत.

आता ८७ टक्के. हा आकडा ज्या पोषणाबद्दल सांगितला जातो, ते पोषण म्हणजे नेमकं काय, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. उष्णतेने प्रथिनांची घडी उलगडते, ती नाहीशी होत नाहीत. उलट पचायला सोपी होतात. डाळी-कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडवणारे काही घटक असतात, तेही शिजण्याने निकामी होतात. लोह, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही खनिजं तर उष्णतेने नष्ट होऊच शकत नाहीत. स्टार्च आणि तंतू शाबूत राहतात. मग ८७ टक्के गेलं कुठे?

कमी होतात ती काही जीवनसत्त्वं: क, थायमिन, फोलेट. हे नाकारायचं कारण नाही. पण ती कुठल्याही भांड्यात कमी होतात. किती कमी होतील हे तीन गोष्टींवर ठरतं: किती वेळ शिजवलं, किती पाण्यात शिजवलं आणि ते पाणी फेकलं का. कुकरच्या आत दाब वाढल्याने तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं. उघड्या पातेल्यात ते १०० च्या वर जात नाही, आणि महाबळेश्वरसारख्या साधारण १,३५० मीटर उंचीच्या गावी तर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणून पातेल्यात पाऊण तास, तासभर रटरटणारी डाळ कुकरमध्ये पंधरा-वीस मिनिटांत होते. तापमान जास्त, पण वेळ कितीतरी कमी आणि पाणी सगळं वरणातच राहतं. मडक्यातल्या आमटीला चव सुरेख येते, ज्याला सवड आहे त्याने जरूर करावी. पण मडकंही उष्णतेवरच चालतं आणि जास्त वेळ चालतं. त्यात सगळं शंभर टक्के टिकतं हे खरं नाही.

हवा आणि सूर्यप्रकाशाचा मुद्दा तर मला सगळ्यात अनाकलनीय वाटतो. क जीवनसत्त्व हवेतल्या ऑक्सिजनने कमी होतं, रायबोफ्लेविन प्रकाशाने. म्हणजे झाकण लावल्याने नुकसान टळतंच. आणि झाकून शिजवणं ही काय कुकरने आणलेली पद्धत आहे? रायगडकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, पुन्हा पाला, तोंड पाल्याने गच्च बंद. मग मडकं उपडं घालून भोवती जाळ. आत ना हवा खेळते ना उजेड जातो. उकडीचे मोदक, अळूवडीचे उंडे, सगळं झाकणाखालच्या वाफेवरच होतं.

ॲल्युमिनियमबद्दल काळजी वाटणं मी समजू शकते. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात बराच वेळ शिजवले किंवा तसेच ठेवले तर थोडा धातू उतरतो. मात्र पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्क्याहून कमी शरीरात शोषलं जातं आणि निरोगी मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. खाद्यपदार्थांची सुरक्षितता तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये ठरवलेली मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२०. स्वयंपाकाच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो, हेही सिद्ध झालेलं नाही.

आपल्याकडे तर हा प्रश्न बहुतेकदा उद्भवतच नाही. मराठी घरात कुकर लावतात तो कसा? तळाला पेला-दीड पेला पाणी, त्यात जाळी, त्यावर स्टीलच्या डब्यात डाळ, त्यावर तांदळाचा डबा, वर झाकणी. डाळ ॲल्युमिनियमला शिवतसुद्धा नाही. तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाकतात, ती कुकर आतून काळा पडू नये म्हणून. आमसूल, चिंच, टोमॅटो हे सगळं नंतर, कढईत. एवढं करूनही मन खात असेल तर स्टीलचा कुकर घ्या. वरण सोडू नका.

राहिले पूर्वीचे लोक. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टिजचे कुकर १९५९ च्या सुमारास आले. त्याआधीच्या घरात डाळ-भात शिजायचा तो चुलीच्या धुरात डोळे चोळत बसलेल्या बाईच्या वेळेवर. त्या धुराचा तिच्या फुप्फुसांवर काय परिणाम झाला, हे ‘ठणठणीत’ या शब्दात येत नाही. आज सहाची लोकल पकडून साडेसातला घरात शिरणाऱ्या माणसाला, बाई असो की पुरुष, आठ-सव्वाआठला गरम जेवण वाढता येतं ते कुकरमुळे.

फेसाची खरी काळजी वेगळी आहे. डाळ थेट कुकरमध्ये शिजवली तर फेस वर चढून वाफेच्या भोकात अडकू शकतो. म्हणून डाळी-कडधान्यांना कुकर अर्ध्याहून जास्त भरू नये, शिट्टी आणि भोक रोज धुवावं, रिंग सैल पडली की बदलावी. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, चांगला मऊ होईपर्यंत शिजवावा. अर्धाकच्चा राजमा खरोखरच पोट बिघडवतो आणि तिथे कुकर आपल्या बाजूने असतो.

चौघांसाठी माझं रोजचं प्रमाण: पाऊण वाटी तूरडाळ धुवून, जमल्यास अर्धा तास भिजवून, दोन वाट्या पाणी, चिमूट हळद, हिंग, थेंबभर तेल. वरच्या डब्यात दीड वाटी तांदूळ. जागा असेल तर भाताच्या झाकणीवर दोन बटाटे, त्यांची कोरडी भाजी होते. चार शिट्ट्या, मग पाच मिनिटं मंद आच. वाफ आपोआप जिरू द्यावी. डाळ रवीने घोटून मीठ, लागेल तसं गरम पाणी, एक उकळी. भातावर वरण, तूप आणि वरून लिंबू, म्हणजे शिजताना कमी झालेलं क जीवनसत्त्वही ताटात येतं. उरलेल्या वरणाची लगोलग आमटी: मोहरी, हिंग, कढीपत्ता, तिखट, चमचाभर गोडा मसाला, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, ओलं खोबरं, कोथिंबीर. ती थंड झाली की फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी डब्यातल्या पोळीबरोबर चालते.