ऑटिझमचा स्वीकार कसा उरकावा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

चार दिवस झालेत माझ्या ऑटिस्टिक भावाला घेऊन ऑटिझमच्या स्वीकाराच्या एका कार्यक्रमाला जाऊन, डोकं अजून थंड झालेलं नाही, म्हणून म्हटलं जे शिकून आले ते तुम्हालाही द्यावं. तुम्हालाही कधीतरी ऑटिझमचा, म्हणजे जन्मापासून जग वेगळ्या पद्धतीने जाणवणाऱ्या माणसांचा, स्वीकार करायची हुक्की येईलच. घाबरू नका, अजिबात अवघड नसतं. स्वतः तसूभरही न हलता एका संध्याकाळीत उरकता येतं.

तारीख आधी धरून ठेवा. २ एप्रिल. संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये ठराव करून हा दिवस नेमून दिला, २००८ पासून जगभर पाळतात, उरलेले दिवस आपण मोकळे. ठरावात शब्द होता जागरूकता. पुढे ऑटिस्टिक माणसंच म्हणायला लागली की जागरूकता साथीच्या रोगांबद्दल करतात, आमच्याबाबतीत स्वीकार म्हणा. आपण मोठ्या मनाने ऐकलं आणि बॅनरवर नवा कागद चिकटवला. आम्ही गेलो तिथे कडेने जुनं 'जाग' दिसत होतं, पण तेवढं चालायचंच.

दुसरं, स्पीकर. माणसाच्या उंचीचे हवेत, आणि सुरुवात गाण्यांनीच करायची. आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा कमालीचा त्रास होणं किंवा उलट फारसं काही न जाणवणं, हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात २०१३ पासून ऑटिझमच्या लक्षणांमध्ये छापलेलं आहे. पण ते डॉक्टरांसाठी. साउंडवाल्याने ते कशाला वाचायचं?

फुगे लावा. निळे, या दिवसाचा रंग म्हणून सगळे तोच लावतात. फुटले तर अजून मजा.

स्टेजच्या मागे पझलचा एक मोठा तुकडा पाहिजेच. ते चिन्ह १९६३ मध्ये ब्रिटनमधल्या पालकांच्या संस्थेने काढलं, तेव्हा त्या तुकड्यात एक रडणारं मूलसुद्धा होतं. म्हणजे हे लोक एक कोडं आहेत आणि ते बिचारे दुःखी आहेत, दोन्ही गोष्टी एका चित्रात. कित्येक ऑटिस्टिक लोकांना ते चिन्ह आवडत नाही, ते इंद्रधनुषी अनंताची खूण वापरतात, पण त्यांना विचारत बसलं तर बॅनर कधी छापून होणार?

आता पाहुणे. भाषणात 'स्वमग्न' शब्दाची फोड करायला लावा, सभागृह हमखास हळवं होतं. 'स्वतःत मग्न, स्वतःच्याच विश्वात रमलेली निरागस फुलं.' या शब्दाबद्दल मला खरंच एकदा बोलायचंय. १९११ च्या आसपास ब्लॉइलर नावाच्या स्विस डॉक्टरने 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ऑटिझम हा शब्द काढला, तोही स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचं वर्णन करायला, आणि मराठीत आपण त्याचं इमानेइतबारे भाषांतर करून ठेवलं. माझा भाऊ त्या हॉलमध्ये किती मग्न होता सांगू? तिसऱ्या रांगेवरची ट्यूब फडफडतेय, मागे कुणाचा तरी फोन व्हायब्रेट होतोय, पाहुण्यांच्या माईकमधून बारीक शिट्टी येतेय, हे सगळं त्याला एकाच वेळी कळत होतं आणि मला सांगत होता. मग्न आम्ही बाकीचे होतो. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं.

भावाचं सांगायचं राहिलं. २७ वर्षांचा आहे. घरून एका कंपनीची बिलं तपासायचं काम करतो, टॅक्स भरतो. निवेदकाने त्याला 'बाळा' म्हटलं आणि हातात एक फुगा दिला. तेव्हा ही टीप नीट लिहून घ्या, की ऑटिस्टिक माणूस मोठा होत नाही. सगळी चित्रं, सगळे खेळ, सगळ्या योजना सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी ठेवा. अठरा पूर्ण झाले की ते कुठे जातात ते तुम्ही बघायचं काम नाही.

ओळख झाल्यावर 'मग याची स्पेशल पॉवर काय?' असं विचारा. कॅलेंडर सांगतो का, पियानो वाजवतो का. माझ्या भावाने खूप विचार करून उत्तर दिलं, 'मला लवकर झोप लागते.' विचारणाऱ्या काकू नाराज झाल्या.

कौतुक करायचं असेल तर 'अजिबात वाटत नाही हो ऑटिस्टिक' म्हणा. तसं न वाटावं म्हणून तो दिवसभर किती मरतो आणि घरी आल्यावर किती तास अंधारात पडून राहतो ते तुम्हाला थोडंच दिसणारे. आणि 'आपण सगळेच थोडे थोडे ऑटिस्टिक असतो' हे विसरू नका. नसतो, पण म्हणायला गोड वाटतं.

आता मुख्य टीप, हेडफोन. कार्यक्रमात आवाज कमी व्हावा म्हणून कुणी मोठे हेडफोन लावून बसलेलं दिसलं की ते काढायचे. विचारायचं वगैरे नाही, मागून जाऊन काढायचे, म्हणजे त्याला सरप्राइज मिळतं. आमच्याकडे बॅज लावलेल्या एका स्वयंसेवक बाईंनी माझ्या भावाबरोबर हेच केलं. मी दोन खुर्च्या पलीकडे होते, उठेपर्यंत झालंसुद्धा. 'पाहुणे बोलतायत दादा, बरं दिसत नाही' म्हणत त्यांनी हसतहसत ते उचलले आणि स्वतःच्या पिशवीत ठेवले, पिशवीत, म्हणजे परत लावायचीही सोय नको, आणि त्याच वेळी तो माईक किंचाळला. त्याने दोन्ही हात कानांवर दाबले, पुढेमागे डोलायला लागला, 'बंद करा, बंद करा, बंद करा' सुरू झालं, मी त्या बाईंकडे हेडफोन मागतेय, त्या म्हणतायत ताई सवय लावा हो त्याला, असं लाड करून कसं चालेल, अहो सवय? कानात टाचणी टोचून टोचून कुणाला टाचणीची सवय होते का? पायाने अधू माणसाची कुबडी काढून घ्याल का, तो छान उभा राहावा म्हणून? आणि तेवढ्यात स्टेजवरून निवेदक, माईकवरून, अख्ख्या हॉलसमोर, 'आपल्या या छोट्या मित्राला जरा बाहेर नेता का प्लीज, पाहुण्यांना डिस्टर्ब होतंय.' भाषणाचा विषय होता 'चला, यांना आपल्यात सामावून घेऊया'. मी बनवून सांगत नाहीये. मी बनवलं असतं तर इतकं भडक बनवलं नसतं.

चाळीस मिनिटं जिन्यात बसलो आम्ही. आतून टाळ्या ऐकू येत होत्या.

जिन्यातही तुम्हाला स्वीकाराची संधी असते बरं का. एक बाई मुद्दाम बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, आई नोकरी करायची का हो याची? लहानपणी प्रेम कमी पडलं असेल. हे शास्त्र जुनं आहे! १९४३ मध्ये कॅनर या डॉक्टरने ११ मुलांवर पहिला मोठा लेख लिहिला, त्यातच या मुलांचे आईवडील फारसे मायाळू नाहीत अशी नोंद करून ठेवली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं 'फ्रिजसारखी थंड आई' हे ऑटिझमचं कारण म्हणून जगभर चाललं, बेटलहाइम नावाच्या गृहस्थांनी तर त्यावर नाव कमावलं. १९७७ मध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला आणि मामला मुख्यतः आनुवंशिकतेचा असल्याचं दिसायला लागलं. पण जिन्यातल्या बाईंपर्यंत अजून पोचायचंय. त्यांच्या मिस्टरांनी विचारलं, लसीमुळे झालं का हो हे? ज्या पेपरवरून हे सुरू झालं तो १९९८ चा, १२ मुलांचा, २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरचं लायसन्सही गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला, गोवराच्या लसीचा संबंध सापडला नाही. मी हे सगळं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, 'तरीपण.'

डोळ्यात बघून बोलायला लावा. एवढं जमलं की बरा झाला समजायचं.

आणि हो, 'त्यांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत' हे वाक्य प्रत्येक भाषणात एकदा तरी हवं. २०२० मध्ये काही संशोधकांनी कानगोष्टींसारखा प्रयोग केला, आठ-आठ जणांच्या साखळ्या, एकाने ऐकलेली गोष्ट पुढच्याला सांगायची. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत गोष्ट जितकी शाबूत पोचली तितकीच बाकीच्यांच्या साखळीतही पोचली. बिघडली कुठे, तर मिसळलेल्या साखळीत. डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, ते २०१२ पासून हेच म्हणतायत की न कळणं दोन्हीकडून आहे. पण क्लास मात्र एकाच बाजूने लावायचा. माझ्या भावाने आयुष्यभर तुमचं हसणं, तुमचे टोमणे, तुमचं 'या कधीतरी' म्हणजे 'येऊ नका' असतं, हे एकेक करून पाठ केलंय. तुम्ही त्याच्याबद्दल काय पाठ केलंत? निळा रंग?

जाऊ दे, मला आता उपरोध जमत नाहीये.

चार दिवस तो मला एकच विचारतोय, 'माझे हेडफोन का काढले? मला विचारलं का नाही?' रात्री विचारतो, सकाळी उठल्यावर विचारतो. माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे आहे का? बॅजवाल्या बाई, तुमच्याकडे? तुम्ही वाईट नाही आहात, मला माहितीये, तुम्ही रविवार घालवून फुगे फुगवलेत. पण ज्यांच्यासाठी फुगवलेत त्यातल्या एकालाही विचारलं नाहीत की तुला काय लागेल. संयोजकांत एक ऑटिस्टिक माणूस नाही, स्टेजवर बोलायला एक नाही, आणि समोर बसलेल्याला बाहेर काढलंत. त्याला फार काही नको होतं. स्पीकर अर्ध्यावर, ती ट्यूब बंद, कंटाळा आला तर बसायला एक शांत खोली, डोलला तर डोलू दे, आणि त्याच्या वस्तूला न विचारता हात लावायचा नाही. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. तुमच्या पाहुण्यांना पाच मिनिटं कुणाचा तरी आवाज सहन करावा लागला असता, एवढंच. ते नाही जमत तुम्हाला. मग स्वीकार स्वीकार म्हणून कशाला ओरडता, तेही माईकवरून?

आणि तो फोटो काढा. तुमच्या अल्बममधला, ज्यात त्याचे दोन्ही हात कानांवर आहेत, डोळे घट्ट मिटलेले आहेत आणि खाली तुम्ही लिहिलंय 'निखळ आनंदाचे क्षण'. मी दोनदा मेसेज केलाय. दोन्ही वेळा तुम्ही निळं हार्ट पाठवलंत.