पाखाडी आणि नकाशातली तुटक रेष

गेल्या आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटला. पावसाळा आला, कुठल्यातरी धबधब्यावर जायला बंदीचा आदेश निघाला, की अर्धे म्हणतात बरं झालं, पब्लिकला अक्कल नाही, आणि अर्धे म्हणतात सह्याद्री काय कुणाच्या बापाचा आहे का, आणि मग कोणीतरी मला टॅग करून विचारतं, तुमच्या तिकडे कसं असतं रे. मी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला राहतो म्हणजे मला सगळं माहीत असणार असं यांना वाटतं.

तर तिकडचं सांगतो. इथून दोनेक तासांवर लिनमथ नावाचं छोटंसं बंदर आहे, डेव्हनच्या उत्तर किनाऱ्यावर. वर डोंगरावर लिंटन, खाली लिनमथ, मध्ये पाण्याच्या वजनावर वरखाली होणारी 1890 सालची रेल्वे, अजून चालते. गावातून साउथ वेस्ट कोस्ट पाथ जातो, एकूण 630 मैल, माइनहेडपासून पूल हार्बरपर्यंत. ही वाट मुळात स्मगलर पकडायला फिरणाऱ्या कोस्टगार्डच्या पायांनी पडलेली, प्रत्येक खाडीत डोकावून बघायचं म्हणून कड्याच्या अगदी काठाकाठाने जाते. (कस्टमवाल्यांच्या पायांनी आपल्याकडे अशी एखादी वाट पडली असती तर काय मजा आली असती.) लिंटनहून व्हॅली ऑफ रॉक्सकडे निघालात की डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला थेट समुद्र, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, आणि शेळ्या मात्र अशा बिनधास्त उभ्या की आपल्यालाच चक्कर यावी.

ग्रुपवर मी हे लिहिलं तर लगेच एकाने टाकलं, "बघा, शिस्त!" शिस्तबिस्त काही नाही. लोक इथेही चपला घालून कड्यावर येतात, सेल्फी काढतात, कुत्र्यामागे धावताना पडतात. आणि लिनमथला पाण्याची भीती शिकवायला नको, 15 ऑगस्ट 1952 च्या रात्री वरच्या एक्समूर नावाच्या माळरानावर चोवीस तासांत नऊएक इंच पाऊस पडला आणि नदीने दगडधोंडे झाडं घेऊन गाव धुऊन नेलं, 34 माणसं गेली. नऊ इंच म्हणजे आपल्याकडे जुलैतला एक जोराचा दिवस, पण दरी तशीच अरुंद, जमीन आधीच भिजलेली. नंतर नदीचं पात्र रुंद करून गाव परत बांधलं. त्याच नदीच्या काठाने वॉटर्समीट नावाच्या जागेपर्यंत दोनेक मैलांची वाट आहे, आजही लोक पोराबाळांना घेऊन जातात, पलीकडे चहा आणि स्कोन मिळतो.

बंदीवाल्यांचं चुकतंय असं मी म्हणत नाही. 30 जून 2024 ला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ मी इथे ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभा राहून बघितला आणि दिवसभर काम सुचलं नाही. आणि दरीतून बॉडी वर काढायला जातात ती गावातली, ट्रेकिंग ग्रुपमधली पोरं, पैसा न घेता. इथेही माउंटन रेस्क्यूवाले फुकटच जातात म्हणा. पण आपण भांडतो ते फक्त माणसाला अडवायचं की सोडायचं यावर. माणसं ज्या वाटेने जातात ती वाट कुणाची, ती कोण राखतं, हे कोणी विचारतच नाही.

इथे ते नकाशावर असतं. ऑर्डनन्स सर्व्हे म्हणजे इथलं सरकारी नकाशा खातं, त्यांच्या नकाशात हिरवी तुटक रेष दिसली की ती सार्वजनिक पायवाट, मग जमीन कुणाच्याही मालकीची असो. शेतातून जाणारी वाट नांगरली तर 14 दिवसांत परत चालण्याजोगी करून द्यायची, असा कायदा आहे. एकदा मी असाच वाट चुकून एका शेतात चिखलात उभा, म्हटलं आता शिव्या खाणार, तर म्हातारा शेतकरी क्वाडबाइकवरून आला आणि चिडून म्हणाला, वाट तिकडून आहे, त्या फाटकातून जा. ते फाटक म्हणजे आपल्या कोकणातल्या गडग्यातल्या, म्हणजे दगडी कुंपणातल्या, बेड्याचा लांबचा भाऊ, माणूस जातो, गुरं अडकतात. मी त्याच्या जमिनीत आलो याचा राग नव्हता त्याला, वाट सोडून आलो याचा होता.

हे काही गोऱ्यांच्या चांगुलपणाने झालेलं नाही. 1932 साली किंडर स्काउट या खाजगी मालकीच्या डोंगरावर, फिरायचा हक्क मागत मुद्दाम घुसलेल्या लोकांपैकी पाच जण तुरुंगात गेले, 1949 साली वाटांचा कायदा आला, आणि तरी आज मोकळेपणाने कुठेही फिरता येईल अशी जमीन इंग्लंडमध्ये जेमतेम 8 टक्के आहे. बाकी सगळीकडे त्या तुटक रेषेवरच चालायचं.

आता माझ्या गावाची गोष्ट, गुहागर तालुक्यातली. आमच्या वाडीतून देवळाकडे उतरणारी जांभ्याची पाखाडी, म्हणजे चिरे बसवलेली पायऱ्यांची वाट, मधोमध झिजून गुळगुळीत झालेली, पावसात शेवाळ धरायची म्हणून आजी कडेकडेने उतरायची. याच पाखाडीने मासे घेऊन बायका वर यायच्या, याच पाखाडीने मी शाळेत गेलो. तीन वर्षांपूर्वी खालचा प्लॉट मुंबईच्या कुणीतरी घेतला आणि चिऱ्याची कंपाऊंड वॉल घातली, पाखाडी बरोबर मध्येच भिंतीत शिरते. वरून पाच पायऱ्या दिसतात, मग भिंत. आई आता डांबरी रस्त्याने फिरून जाते, नाहीतर जातच नाही. यावर बंदीचा आदेश कोणी काढला नाही, ग्रुपवर चर्चा पण नाही, आणि खरं सांगायचं तर मी पण फोनवर "अरेरे" म्हणून विषय सोडून दिला होता.

आपल्याकडे रेष नाही असं नाही. गावच्या नकाशात पाऊलवाट तुटक रेषेने दाखवलेली असते. शेताचा रस्ता अडवला तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, मामलेदार कोर्टाचा कायदा तर 1906 चा आहे. शेतकरी बैलगाडीसाठी, ट्रॅक्टरसाठी भांडतात आणि बरोबरच भांडतात, पण नुसतं पायी चालायला वाट पाहिजे म्हणून कोण अर्ज करणार.

भावाला म्हटलं गावचा नकाशा काढ, आपली पाखाडी त्यात आहे का बघू. तो म्हणाला, "काढतो, पण आता जातं कोण तिथून? सगळ्यांकडे गाड्या आहेत." मागून आईचा आवाज आला, मला कुठे गाडी आहे?