लिंकचा दिवा पेटला म्हणजे इथरनेट चालू झालं असं नसतं!

डोकं फिरलंय अक्षरशः. मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत इथरनेट छापायचं, आणि सोबत दिलेला नमुना प्रोग्राम बोर्डात टाकला तर साधा पिंग ('आहेस का?' असं विचारणारा नेटवर्कवरचा निरोप) लागत नाही! मी एक ओळसुद्धा बदललेली नाही. बोर्ड कंपनीचा, कोड त्यांचा, कोड तयार करून देणारं टूल त्यांचं. मग चालायला काय धाड भरली?

त्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण आरजे-४५ केबलच्या सॉकेटकडे बोट दाखवून विचारणार, "लाईट तर लागलाय, मग अडलंय कुठे?" अहो, तो दिवा फाय चिप (तारेवरचे सिग्नल सांभाळणारी चिप) लावते! समोरच्या लॅपटॉपशी १०० एमबीपीएसचा स्पीड ठरवायचं कामही बहुतेक वेळा तीच परस्पर उरकते, मायक्रोकंट्रोलरला पत्ताही नसतो. दिवा पेटला म्हणजे केबल आणि फाय ठीक आहेत, बस्स. फायला मायक्रोकंट्रोलरशी जोडणाऱ्या आरएमआयआयचं ५० मेगाहर्ट्झचं क्लॉक, फायचा पत्ता ० की १, डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता रॅममधून डेटाची ने-आण करणारं हार्डवेअर), वरचा टीसीपी/आयपी स्टॅक, हे सगळं पुढेच असतं. क्लॉक मिळालं नाही तर मॅकचा (मायक्रोकंट्रोलरमधल्या इथरनेटच्या भागाचा) रिसेटसुद्धा पूर्ण होत नाही, कोड तिथेच वाट बघत बसतो.

वायरशार्क (तारेवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावलं. लॅपटॉप विचारतोय, १९२.१६८.१.१० कोणाकडे आहे? याच विचारणेचं पॅकेट, एआरपीमागून एआरपी. बोर्डाकडून चकार शब्द नाही. खणत गेल्यावर कळलं की या चिपमध्ये इथरनेटचा डीएमए प्रोसेसरला थेट जोडलेल्या डीटीसीएम रॅमपर्यंत पोचूच शकत नाही. आणि त्यांनीच दिलेली लिंकर स्क्रिप्ट (काय रॅममध्ये कुठे ठेवायचं ते ठरवणारी फाइल) पॅकेटचे बफर आणि ते कुठे आहेत हे डीएमएला सांगणारे डिस्क्रिप्टर नेमके तिथेच नेऊन ठेवते! ज्यांनी चिप बनवली त्यांना हे माहीत नाही?

बरं, ते दुसऱ्या रॅममध्ये हलवलं, तर खरा छळ सुरू झाला. ब्रेकपॉइंट लावून एकेक पाऊल पुढे गेलं की मधूनच एखादं उत्तर येतं. मोकळं सोडलं की परत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. अशा वेळी माणूस केबल बदलतो, स्विच बदलतो, विंडोजची फायरवॉल बंद करतो, शेवटी सोल्डरिंगवर संशय घेतो. आणि दोष कुणाचा? चिपमधल्या कॉर्टेक्स-एम७ प्रोसेसरच्या डेटा कॅशचा, म्हणजे रॅममधल्या डेटाची प्रत जवळ ठेवणाऱ्या छोट्या वेगवान मेमरीचा. प्रोसेसरने लिहिलेलं पॅकेट कॅशमध्येच पडून राहतं आणि डीएमए रॅममधला शिळा माल तारेवर सोडतो. येताना उलटं: नवं पॅकेट रॅममध्ये, प्रोसेसर वाचतोय कॅशमधलं जुनं. उपाय ठरलेला आहे. डिस्क्रिप्टरचा भाग एमपीयू (मेमरीच्या भागांचे नियम ठरवणारं हार्डवेअर) लावून कॅशबाहेर ठेवायचा, बफर ३२ बाइटच्या हद्दीवर बसवायचे, पाठवण्याआधी कॅश क्लीन (त्यातलं रॅममध्ये उतरवायचं), वाचण्याआधी इनव्हॅलिडेट (जुनी प्रत रद्द करायची). हे त्यांच्याच एका वेगळ्या पीडीएफमध्ये लिहिलंय! मग नमुन्यात का नाही घातलं? जो हा नमुना पाठवतो, त्याने तोच बोर्ड टेबलावर ठेवून एकदा, फक्त एकदा, पिंग करून बघायला काय हरकत होती? नवशिक्या पोराने इथे हात टेकले आणि 'आपल्याला हे जमणार नाही' म्हणून हा नादच सोडला, तर ते पाप कुणाच्या माथी?

एवढं करून अखेर पिंग लागला. मग टूलमध्ये एक साधी जीपीआयओ (सर्वसाधारण इनपुट-आउटपुटची) पिन बदलली, कोड परत जनरेट केला, आणि त्या टूलने एमपीयूची माझी सगळी सेटिंग पुसून टाकली. विचारलं नाही, सांगितलं नाही. दुरुस्त करा ते आधी!