माणसं मोजून चोर सापडत नाही? ‘दादरचा दुकानदार’ यांना उत्तर

दुकानात येणार्‍यांची मोजणी सुरक्षेसाठी कशी वापरावी, या माझ्या लेखाखाली ‘दादरचा दुकानदार’ या नावाने आलेली प्रतिक्रिया बर्‍याच जणांनी उचलून धरली. म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहितो. प्रतिक्रिया अशी:

"एसीत बसून लेख लिहिणं सोपं असतं. एक दिवस गल्ल्यावर बसा म्हणजे कळेल. माणसं मोजून चोर सापडत नाही. त्यापेक्षा एक वॉचमन वाढवा. शिवाय गर्दीत तो बीम निम्मी माणसं मोजतच नाही, आणि गिर्‍हाइकांवर अशी पाळत ठेवणं मला तरी पटत नाही."

पहिली दोन वाक्यं लागली, हे लपवत नाही. मुद्दा खोडायचा असेल तर खुशाल खोडा, पण लिहिणारा कुठे बसून लिहितो याची चौकशी कशासाठी? दादर, लालबाग, घाटकोपरच्या दुकानांत पोटमाळ्याखाली मान वाकवून सेन्सर बसवण्यात आणि शटर पडल्यावर डीव्हीआर (कॅमेर्‍यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) उघडून बसण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. गल्ल्यावर बसणारी माणसं मला रोज भेटतात. ती वाद घालतात, पैशावरून घासाघीस करतात, पण या सुरात बोलत नाहीत. टोपणनावाआडून बोलताना सूर चढतो, एवढंच मी समजून घेतलं आहे.

बीमबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते मान्य करतो. बीम म्हणजे दारातून आडवा जाणारा अदृश्य किरण, तो तुटला की एक माणूस मोजला जातो. दाराच्या चौकटीत कमरेच्या उंचीवर बसवलेला बीम खांद्याला खांदा लावून शिरलेल्या दोघांना एकच मोजतो. कोणी दारातच बोलत उभा राहिला तर त्याच्या मागून गेलेला मोजलाच जात नाही. दसर्‍याला झेंडूचं तोरण खाली लोंबलं तर वार्‍यावर हलणारं तोरणच गिर्‍हाईक म्हणून मोजलं जातं, आणि पश्चिमेकडच्या दारात संध्याकाळचं ऊन थेट रिसीव्हरवर आलं की आकडे भरकटतात. मोठ्या गर्दीच्या दुकानाला बीम नकोच, तिथे डोक्यावरून खाली बघणारा दोन भिंगांचा सेन्सर लावावा. तो जमिनीपासून साधारण अडीच ते चार मीटर उंचीवर लागतो. जुन्या दुकानात पोटमाळ्यामुळे सव्वादोन मीटरच मिळाले तर त्याची नजर आखूड पडते, म्हणून रुंद दाराला एकाऐवजी दोन बसवावे लागतात. पावसाळ्यात त्याला डोकं न दिसता छत्री दिसते. त्यासाठी मोजणीची रेघ उंबरठ्यावर न ठेवता मीटर-दीड मीटर आत घ्यायची, जिथे पोचेपर्यंत छत्री मिटलेली असते. बसवल्यावर रिकाम्या वेळी, मध्यम वेळी आणि ऐन गर्दीत किमान शंभर-शंभर माणसं फुटेजवरून हाताने मोजून ताडून बघायची. तिन्ही वेळी चूक सारखीच पाच टक्के असेल तर चालेल. रिकाम्या वेळी दोन आणि गर्दीत पंचवीस असेल तर ते आकडे वापरू नयेत.

आता ज्या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या तिकडे वळतो. "माणसं मोजून चोर सापडत नाही."

सापडतो असं मी लिहिलंच नव्हतं. लेख पुन्हा वाचा. मोजणी चोराचं नाव सांगत नाही. कोणत्या तासाचं फुटेज बघायचं आणि कोणत्या तासाला माणूस कुठे उभा करायचा, हे ती सांगते, आणि नेमकं हेच दुकानात कोणाला माहीत नसतं. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला साधारण एक मेगाबिट दराने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला जवळपास ११ जीबी जागा खातो. चार कॅमेर्‍यांना एक टीबीची डिस्क जेमतेम तीन आठवडे पुरते, पुढे जुनं पुसलं जातं. मालाची मोजदाद मात्र मार्चअखेरीला होते. तूट कळते तेव्हा फुटेज कधीच गेलेलं असतं. मग तुमचे आठ काय नि अठरा कॅमेरे काय, करणार काय त्यांचं?

म्हणून क्रम असा ठेवावा. खिशात किंवा पिशवीत सहज मावणार्‍या, महागड्या अशा वीसेक वस्तू निवडा. त्या दिवसातून तीनदा मोजा: उघडताना, दुपारी दोनला, बंद करताना. शिल्लक आणि बिलं जुळवली की तूट सकाळच्या पाळीतली की संध्याकाळच्या, एवढं तरी कळतं. मग त्या पाळीतले ताशी प्रवेशाचे आकडे आणि त्या तासांतली बिलं शेजारी-शेजारी मांडा. माणसं आली नेहमीइतकी आणि बिलं नेहमीच्या निम्मी, असा तास दिसला की आधी तोच बघायचा. सहा तासांचं काम एका तासावर येतं. हे सगळं जुळायला डीव्हीआर, बिलिंगचा कॉम्प्युटर आणि मोजणीचं यंत्र, तिघांची घड्याळं एकच वेळ दाखवणारी हवीत. चार मिनिटांचा फरकही पुरे होतो, मग बिल एकाचं आणि चेहरा दुसर्‍याचा! तक्रार करायची वेळ आली तर फुटेज थेट डीव्हीआरमधून फाईल म्हणून काढा, स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग करून ठेवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईल बदलली की बदलणारा तिचा सांकेतिक आकडा, नोंदवावं लागतं.

दारातल्या टॅगच्या गेटचंही तसंच आहे. मालाला लावलेला टॅग न काढता कोणी बाहेर निघालं की ते वाजतं. समजा, शनिवारी ते बारा वेळा वाजलं आणि मंगळवारी चार वेळा. सुपरवायझर शनिवारची काळजी करतो. पण शनिवारी १,२०० माणसं आली होती, मंगळवारी २००. म्हणजे हजारामागे शनिवारी दहा आणि मंगळवारी वीस. बिघाड मंगळवारी आहे. गल्ल्यावर त्या दिवशी बसणारा टॅग नीट काढत नसेल, कोणी टॅग लावलेल्या मालाचा ढीग गेटला खेटून ठेवला असेल, किंवा खरोखरच माल जात असेल. पहिली दोन कारणं दहा मिनिटांत तपासून होतात. ती न तपासता नुसता आवाज ऐकत राहिलं की वॉचमन आठवडाभरात गेटकडे मान वळवायचंही सोडतो.

आणि ज्या गोष्टीवर तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही, ती सांगतो. तूट फक्त गिर्‍हाइकांमुळे होत नाही. रात्री ९.४० ला रिटर्नचं बिल फाटलं, पैसे रोख परत दिल्याची नोंद आहे, आणि मोजणी सांगते की ९.१५ नंतर दारातून कोणी आत आलंच नाही. मग माल परत केला कोणी? रिटर्न आणि कॅन्सल झालेल्या बिलांची यादी वेळेनुसार काढून प्रवेशाच्या आकड्यांशेजारी ठेवायची, एवढंच काम आहे. लगेच कोणावर आरोप करू नका. गिर्‍हाईक आधीपासून आत असू शकतं, म्हणून फुटेज बघायचंच. शटर पडल्यानंतरच्या तासांतही आकडा शून्यच हवा. शून्य नसेल तर साफसफाईवाला कधी आला, चावी कोणाकडे होती, हे त्याच दिवशी विचारायचं. मात्र दिवसभरातले आत आलेले वजा बाहेर गेलेले यावर विसंबून ‘आत कोणी लपलेलं नाही’ असं समजू नका. तीनशे माणसांत दोन टक्के चूक म्हणजे सहा माणसं. ट्रायल रूम आणि पोटमाळा डोळ्यांनीच बघावा लागतो.

हे आकडे बिघडवतात ते बहुतेक वेळा आपलेच लोक. चहाला, गोडाऊनला, पार्किंगवरून माल आणायला सहा सेल्समन दिवसातून दहा-दहा वेळा बाहेर जाऊन आले की साठ प्रवेश वाढले. रोजची दोनशे गिर्‍हाइकं असलेल्या दुकानात हा आकडा छोटा नाही. स्टाफला मागचं दार द्या. मागचं दार नसेल तर स्टाफच्या अंगावरचा टॅग ओळखून त्यांना मोजणीतून वगळणारा सेन्सर घ्या.

राहिला वॉचमन. जरूर वाढवा, पण कोणत्या वेळेला? समजा, शनिवारी संध्याकाळी ६ ते ९ मध्ये ५४० माणसं आली, म्हणजे तासाला १८०. एक जण सरासरी १५ मिनिटं थांबतो असं धरलं तर कोणत्याही क्षणी आत ४५ जण. गल्ला सोडून सहा सेल्समन असतील तर एकामागे साडेसात. मंगळवारी दुपारी तासाला ४०, म्हणजे आत दहाच जण. पण बाकीचे जेवायला वर गेलेले आणि गल्ल्यावरचा सोडला तर खाली एकच सेल्समन उभा. एकामागे दहा. तुम्ही गर्दी बघून वॉचमन शनिवारी संध्याकाळी उभा करणार, आणि नजर कमी पडते आहे मंगळवारी दुपारी. वॉचमनचा पगार न वाढवता, जेवणाच्या पाळ्या वाढवल्या तरी हा प्रश्न बराचसा सुटतो. गल्ल्यावर बसून हे दिसत नाही, कारण गल्ल्यावर बसणार्‍याला गर्दी दिसते, गर्दीमागे सेल्समन किती ते दिसत नाही.

पाळतीबद्दल फार लिहीत नाही. डोक्यावरून मोजणारा सेन्सर चेहरा साठवत नाही, आकडा साठवतो. चेहरा ओळखणारं काही बसवायचं असेल तर तो वेगळा विषय आहे, त्याला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि तसं काही बसवा असं मी कुठेही सुचवलेलं नाही. तुमच्या दुकानात कॅमेरे आहेतच ना? चेहरे ते टिपतात. त्यांना तुमची हरकत दिसली नाही.

वाद पुढे न्यायचा असेल तर एक करा. एका आठवड्याचे ताशी प्रवेश आणि बिलांच्या, रिटर्नच्या वेळा, दुकानाचं आणि माणसांचं नाव काढून, इथेच खाली टाका. यंत्र नसेल तर दारात एक मुलगा हातमोजणीचं क्लिकर देऊन बसवा, दर तासाला आकडा वहीत लिहायला सांगा. ते आकडे समोर ठेवून बोलू. एसीबद्दल मग तुम्हाला काय लिहायचं ते लिहा.