माझं वाक्य, काकांचं बक्षीस

शनिवारी संध्याकाळी मी माझं एक वाक्य माइकवरून ऐकलं. बोलत होते दुसरेच. टाळ्या त्यांना, फोटो त्यांचा, पुस्तक भेट त्यांना. नुसती शाल तेवढी घालायची राहिली. आज बुधवार आहे आणि नवरा म्हणतो, 'सोड ना आता, एवढं काय त्यात!' त्याला काय जातंय बोलायला? त्याचं वाक्य कुठे गेलंय?

आमच्या वाचनालयाने १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाचा मुहूर्त धरून, एक उपक्रम काढला. महिनाभर सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक वाचायचं, मग त्यावरचा सिनेमा एकत्र बघायचा, मग चर्चा, मग बटाटेवडा. (ठाण्यात वाचनालय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय येतं. हे ते नव्हे. हे आमच्या गल्लीतलं. खाली पोळीभाजी केंद्र आहे, त्यामुळे जिना चढताना कादंबरीआधी फोडणी नाकात जाते.) पुस्तक ठरलं अरुण साधूंचं 'सिंहासन'. नावं नोंदवली साठ जणांनी. वाचनालयात प्रत एक.

साठ वाचक, एक प्रत. शिधावाटप केंद्रावरसुद्धा याहून बरं नियोजन असतं. यादीत माझा नंबर नववा. दर शनिवारी मी विचारायची आणि ग्रंथपाल बाई खालमानेने म्हणायच्या, "बाहेर आहे हो पुस्तक." पाच आठवडे ते बाहेरच. मुलगासुद्धा इतके दिवस बाहेर राहिला तर आपण फोन करतो! शेवटी मी विकत आणलं. शिवाय हा सिनेमा एका कादंबरीवर नाही, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्यांवर बेतलाय हे मला माहीत होतं, म्हणून दुसरीही आणली. दोन्ही वाचल्या. लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान उलटत. पेन्सिलने खुणा केल्या. या वयात परीक्षेला बसल्यासारखी तयारी केली आणि मधल्या काळात दुसरं एक पुस्तक तीन दिवस उशिरा परत केलं म्हणून सहा रुपये दंडही भरला. हे सहा रुपये लक्षात ठेवा.

शनिवारी पोचले तर खुर्च्यांवर रुमाल. रुमाल, चष्म्याचं घर, एका खुर्चीवर अर्धी प्यायलेली पाण्याची बाटली. मोकळी एकच होती, एका काकांच्या शेजारची. ती मोकळी का होती, हे मला पाचव्या मिनिटाला कळलं.

काकांनी एसीच्या धाकाने माकडटोपी घातली होती. दिवे गेले, पडद्यावर चित्र आलं आणि काका मागे वळून म्हणाले, "अहो, कलर लावा की!"

सिनेमा १९७९ चा आणि मुळातच कृष्णधवल आहे, हे मी त्यांना हळूच सांगितलं. ही माझी पहिली चूक. शेजारी माहिती मिळते, हे त्यांना कळलं.

"हा कोण?"

"अरुण सरनाईक. मुख्यमंत्री."

"आणि हे लागू. यांना ओळखतो मी."

"अर्थमंत्री. खुर्ची खेचायच्या मागे आहेत."

"असं होय!" ते मान हलवत म्हणाले. मग पडद्यावर निळू फुले आले आणि काका खुर्चीत सरसावून बसले. "आला! आता बघा."

"काय बघू?"

"हा बाईला धरणार."

"काका, ते पत्रकार आहेत यात. दिगू टिपणीस. सज्जन माणूस आहे."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण पहिल्यांदाच भाजी आणायला आलेल्या नवऱ्या मुलाकडे बघतो. "ताई," ते म्हणाले, "निळू फुले आहे तो."

पुढे सगळा सिनेमा काका त्या एका क्षणाची वाट बघत बसले. निळू फुले वही काढतात. काका : "दाखवेल रंग." निळू फुले चहा पितात. काका : "आत्ता गरीब दिसतोय." सतीश दुभाषी कामगारांपुढे तडफेने बोलतायत, सगळा हॉल गप्प, आणि काका कोपराने मला ढोसून विचारतायत, "तो कुठे गेला?" मला राग येत होता, आणि खोटं कशाला बोलू, मधे मधे हसूही येत होतं. एका नटाने आयुष्यभर इतकं चोख काम केलं की चाळीस-पन्नास वर्षांनंतरही ठाण्यातला एक माणूस त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. एवढी दाद कुठल्या समीक्षकाने दिली असेल?

मध्यंतरात वडे संपले. म्हणजे आमच्या रांगेपर्यंत येईतो संपले. काकांकडे दोन होते. एक त्यांनी मला देऊ केला, मी नको म्हटलं, आणि त्यांनी तो लगेच खाल्ला. लोक दुसऱ्यांदा का विचारत नाहीत? आपल्याकडे पहिलं 'नको' हे 'नको' नसतं, हे काय शिकवायला लागतं? भूक आणि अपमान या भरात मी फार बोलले. सिनेमा दोन कादंबऱ्यांवर आहे, पटकथा तेंडुलकरांची, आणि माझं म्हणाल तर, खुर्चीवर कोण बसतो यापेक्षा खुर्चीकडे बघून बघून बघणाऱ्याचं काय होतं, ही खरी या सिनेमाची गोष्ट आहे. हे वाक्य मी मुलुंड ते घाटकोपर तयार केलं होतं. चर्चेसाठी राखून ठेवलं होतं. काका वडा चावत "वा" म्हणाले.

शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. मला त्या हसण्याने दर वेळी पोटात खड्डा पडतो. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती, पण ऐकू काय आलं? "हां! आला की नाही रंगावर?" काका कृतकृत्य झाले होते. "मी पहिल्यापासून सांगतोय तुम्हाला."

चर्चा. मी हात वर केला. काकांनीही केला, पण ते हातासकट सगळेच्या सगळे वर उठले. माइक त्यांच्याकडे गेला.

"मंडळी," काकांनी माकडटोपी काढली, "मुळात हा चित्रपट एका नव्हे, दोन कादंबऱ्यांवर आहे." हॉलमध्ये कुजबुज. "पटकथा तेंडुलकरांची. आणि माझं म्हणाल तर..."

माझं म्हणाल तर! ते 'माझं'सुद्धा माझं होतं! वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हटलं, फक्त 'बघून बघून' तीनदा म्हणाले, आणि खरं सांगते, तीनदा म्हटल्यावर ते जास्त चांगलं वाटलं. टाळ्या. मग माइक माझ्याकडे आला. माझ्याकडे उरलं होतं काय? मी म्हणाले, "मला... यांचंच म्हणणं पटतं."

सर्वोत्तम वाचक म्हणून काकांना भेट मिळाली 'सिंहासन'ची कोरी प्रत. ती ठेवायला त्यांनी पिशवी उघडली, तर आत आधीच एक 'सिंहासन'! कडेला वाचनालयाचा शिक्का, पाठीवर दोऱ्याने शिवलेलं पुठ्ठ्याचं कव्हर. पाच आठवडे बाहेर असलेलं ते हेच.

"वाचतोय हो, निवांत," काका म्हणाले.

दंडाचं मी ग्रंथपाल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते आजीव सभासद आहेत."

काल फोन आला. पुस्तक जमा झालंय, मधल्या सात जणांनी सिनेमा पाहिल्यावर नाव काढून घेतलं, म्हणून माझा नंबर लागलाय. मी गेले. पान अकरावर विजेचं बिल खुणेला होतं, पुढची पानं इस्त्री केल्यासारखी. माझ्याकडे घरी माझी प्रत आहे, खुणांसकट. तरी मी सही करून ते घरी आणलं. माझ्या मागे एकावन्न जण आहेत. सात दिवसांत परत करायचंय म्हणे. बघू, वाचतेय निवांत.